जॅकचा पाट

पारोळा, श्रावण वद्य पंचमी, शके १८६०

भीती वाटते असं ड्रायव्हरनं मोठ्यानं म्हणायची सोय नाही. बायकोला सांगावं तर वच्छला माझ्याहून जास्त भिईल, आणि भिकमचंद शेठना सांगावं तर ते दुसरा ड्रायव्हर बघतील. म्हणून ही वही. मराठी सातवी पास झालो त्याचा आजवर एवढाच उपयोग.

शेठनी नवा जॅक आणला. नवा म्हणजे आम्हाला नवा. चाळीसगावला रेल्वेच्या भंगाराचा लिलाव होता, तिथून उचलला. स्क्रूचा आहे, जाड आट्यांचा, एकट्यानं हलवायचा म्हटलं तर कंबर धरते. शेठ खुशीत होते. "अरे चुडामण, यानं रेलचे डबे उचलायचे लोक! तुझी लॉरी याच्यापुढं बकरी आहे बकरी."

मी हसलो, मग जमिनीवर टेकते ती खालची बैठक पाहिली. जेवणाच्या ताटाएवढीसुद्धा नाही. रेल्वेच्या डब्याखाली खडी असते, आमच्या लॉरीखाली काळी माती. खेड्याखेड्यांतून कापूस उचलायचा म्हणजे सडक सोडावीच लागते. अशा मातीत एवढ्याशा बैठकीवर भरलेली लॉरी तोलायची म्हणजे लोण्यात सुई उभी करणं.

चैत्रात माझा क्लीनर लोटन असाच गेला. पाणी दिलेल्या मळ्यात चाक रुतलं होतं. तो खाली निजून चाकाखाली फळी सारत होता, मी जॅकचा दांडा फिरवत होतो. जॅक एका अंगानं मातीत शिरला आणि गाडी खाली बसली. कसला आवाजही झाला नाही. तो जॅक शेठनी दुसऱ्याच दिवशी भंगारात काढला. जमलं असतं तर मीही काम सोडून निघून गेलो असतो, पण मला दुसरं येतं काय?

श्रावण वद्य दशमी

लोटनचा धाकटा भाऊ निंबा आजपासून माझ्याबरोबर लॉरीवर. मिशा राखलेला, कामाला वाघ. त्याची आई ताईअक्का स्वतः त्याला घेऊन आली. लोटन गेल्यापासून मी तिच्या गल्लीतून जायचं टाळतो. आज तीच दारात.

बसली नाही, पाणी घेतलं नाही. म्हणाली, "चुडामण, एक आंडोर तुनी गाडीनी खाई टाका. हाऊ दुसरा. घरमा कमावनारं दुसरं कोनी नही, म्हनीसन लई उनू. पन गाडीखाले तू जाशी. मना निंबा जावाव नही. दे शबद."

मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. तिचा हात गार होता. माझाही असावा, कारण तिनं तो लगेच सोडला.

आता गाडीखाली मी जायचं आहे.

भाद्रपद शुद्ध तृतीया

झुलाल लोहाराकडे जॅक टाकला. मी म्हणालो, बैठकीखाली लाकडाचा जाड पाट बसव, म्हणजे मातीत शिरणार नाही. तो म्हणाला, "मंग अंजननं लाकूड आन. बाभूय फाटी जास." अंजनाचा ओंडका शेठच्या वखारीतून आणला. मी माप सांगितलं तशी झुलालनं भात्यावरचा हातच थांबवला.

"इतला मोठा? भाऊ, यावर नवरदेव बसाडना शे का?"

म्हटलं, बसव. तू कधी लॉरीखाली निजलायस का? तो म्हणाला, "तू निजेल शे का?"

लोहाराच्या तोंडाला लागू नये.

भाद्रपद शुद्ध एकादशी

पाट झाला. चारी कडांना लोखंडी पट्टी, बैठक चार बोल्टांनी पक्की. जॅकच्या डोक्यावर खाचेची टोपी बसवली, म्हणजे वर आस निसटणार नाही. आणि दांड्याला लांब नळीची जोड केली. ही माझी युक्ती. आता दांडा फिरवणाऱ्याला गाडीजवळ जावंच लागत नाही, दूर उभं राहून काम होतं. गाडी बसलीच, तरी त्याच्या नखालासुद्धा धक्का नाही.

मोठ्या हौसेनं वच्छलेला दाखवलं. ती नळीकडे बघत राहिली. "आनी खाले जो जास, त्यानं काय?"

म्हटलं, त्याच्यासाठी पाट आहे ना. बायकांना यंत्रातलं काय कळतं.

भाद्रपद वद्य द्वितीया

अमळनेरच्या वाटेवर सडक सोडून एका मळ्यात शिरलो आणि रुतलो. व्हायचंच होतं. मी टोपी काढून सीटवर ठेवतोय तोवर हा बहाद्दर खाली शिरलासुद्धा. "भाऊ, तू दांडा धर!" आतूनच ओरडला. आता आत शिरलेल्या माणसाला पाय धरून बाहेर ओढायचं का? मी दांडा धरला.

पाट काडीभरही खचला नाही. झुलालला पानसुपारी द्यायला हवी.

मी जाणारच होतो.

भाद्रपद वद्य षष्ठी

पुन्हा रुतलो, पुन्हा निंबाच. तो अंगानं शिडशिडीत, सापासारखा सरकतो. मला आत शिरायचं म्हणजे आधी खड्डा खणावा लागेल. शिवाय दांड्याची नस मला कळते. कधी जड जातो, कधी हलका, हे हाताला समजावं लागतं. विचार केला तर खालच्या माणसाच्या दृष्टीनंही दांड्यावर मीच असणं बरं. पुढच्या खेपेला निंबाला दांडा शिकवीन आणि मी खाली जाईन.

बाजारात ताईअक्का भेटली. "खाले कोन गया व्हता?"

"मीच, दुसरं कोन?" तोंडातून निघून गेलं.

"बरं," म्हणाली आणि भाजी बघायला लागली. मला तिथं उभं राहवेना. मिरच्या घ्यायच्या राहिल्या.

भाद्रपद वद्य त्रयोदशी

जॅक ठेवायचा कुठं, हा घोर लागला आहे. आधी सीटखाली ठेवला. मग वाटलं, गाडी त्या अंगाला कलली तर दार उघडायचं नाही आणि जॅक आतच राहील. मागं फळ्यांत बांधला, तर वर माल पडला की निघायचा कसा? शेवटी केबिनमागं सागाची पेटी ठोकून घेतली. कडी बाहेरून, दोन्ही बाजूंनी उघडते. आत ग्रीस पाजलेलं गोणपाट, जॅक हलू नये म्हणून दोन ठोकळे. वाळूचा कण शिरता कामा नये.

शेठ दुकानाच्या पायरीवरून बघत होते. "चुडामण, जॅक ठेवतोस का लेक सासरी धाडतोस? तीन जागा बदलल्या! काम कधी करणार?"

काम करायचंच आहे. पण तयारी पुरी नको का? पितृपंधरवड्यात लोटनचं पान वाढलं तेव्हा कावळा बराच वेळ शिवला नाही. ताईअक्कानं मनात काय कबूल केलं कोण जाणे, मग शिवला. मी मागच्या मागं निघून आलो.

खंडेनवमी

घरोघर हत्यारांची पूजा. कोणी विळा मांडला, कोणी वस्तरा, झुलालनं ऐरण धुऊन पुसून हार घातला. मी लॉरीला तोरण बांधलं, पान्यांना हळदकुंकू लावलं. जॅकचं मात्र हळदकुंकवावर भागेना. जो भार उचलतो त्याला मारुतीचा मान. शेंदूर आणला आणि जवसाच्या तेलात कालवला.

वच्छला म्हणाली, "देवले तीयनं तेल लागस. जवसनं कसाले?"

म्हटलं, तिळाचं संपत आलंय, आणि जवसाचं ताजं घाण्यावरचं आहे, दाट आहे, लावलं की बसतं. देव काय तेल हुंगून बघतो?

लोक वरवर बोट फिरवतात, तसं मी केलं नाही. स्क्रू पुरता वर काढला आणि आटा न् आटा बोटानं भरला. एकही कोरडा ठेवला नाही. मग स्क्रू खाली उतरवला, वरून पुन्हा थर दिला, नारळ फोडला. मनात म्हटलं, बाबा रे, निंबाला सांभाळ. मग खरं तेही म्हटलं, की मला खाली जायची वेळ आणू नकोस.

गोणपाटात गुंडाळून पेटीत ठेवला. उद्या दसरा. कित्येक दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतंय.

आश्विन वद्य नवमी

सध्या धुळे-पारोळा-जळगाव पक्क्या सडकेवरच फेऱ्या. पेटीला हात लावायची वेळ आली नाही. शेंदराचा गुण म्हणायचा. निंबा शीळ घालतो, मी रागावतो, तो पुन्हा घालतो. बरं चाललंय. एवढं बरं चाललं की मला धास्ती वाटते.

कार्तिक शुद्ध सप्तमी

शेठचा हुकूम झाला. गिरणेपलीकडच्या एका गावात कापूस तुंबलाय, बैलगाड्यांनी आणायला फार दिवस जातील. पाणी उतरलंय, लॉरी वाळूतून घाला. म्हणाले, "एवढा जॅक केलास तो कशासाठी?"

उद्या निघायचं. जेवण गेलं नाही. वाळूत मी कधी गाडी घातलेली नाही. माती निदान धरून ठेवते, वाळू तर पायाखालून पळते. वच्छलेनं विचारलं, काय झालं? म्हटलं, पित्त.

कार्तिक वद्य प्रतिपदा

आज हातात लेखणी धरवते, म्हणून लिहितो. झालं ते जसं झालं तसं लिहिणार आहे, माझी लाज न राखता.

जाताना पार झालो. येताना कापूस भरलेला, आणि पात्राच्या मधोमध मागचं चाक बसलं. दोन्ही काठांवर चिटपाखरू नाही. मी पेटीतून जॅक काढेपर्यंत निंबा नेहमीसारखा खाली शिरून पाटासाठी वाळू सारत होता. तेवढ्यात वाळू सरकली, गाडी त्याच्या अंगावर झुकली आणि तो ओरडला. आसाखाली त्याचा पाय सापडला होता. खाली वाळू होती म्हणून पाय राहिला. खाली माती असती तर लिहायला काही उरलं नसतं.

मी जॅक ओढत आणला, पाट टेकवला, दांडा घातला. फिरेना. नळी लावली, अंगाचा भार टाकला. नळी वाकली, स्क्रू तसाच. शेंदूर वाळून दगड झाला होता. आट्याआट्यात मी माझ्या बोटानं भरलेला शेंदूर.

मग मी हातांनी वाळू उपसायला लागलो, बाहेरूनच, हात लांब करून. तर वाळूतून पाणी पाझरायला लागलं. नदीत झिरा खणतात तसंच झालं. जितकं उपसावं तितकं पाणी. निंबा उताणा पडलेला, पाणी त्याच्या कानांना लागलं. त्यानं मान वर उचलून धरली होती, पण मान किती वेळ धरणार?

मी पळालो. मदत आणायला पळालो असं मी सगळ्यांना सांगणार होतो, तसं वाटेतच ठरवून टाकलं होतं. काठापर्यंत गेलो. गाव तिथून दिसतही नव्हतं. मागून निंबानं हाक मारली नाही. मारली असती तर कदाचित मी पळतच राहिलो असतो. तो गप्प आहे हे ऐकून मी परत फिरलो.

झुलाल अडकलेला बोल्ट तापवतो, ते आठवलं. पण गाडीवर कापूस, पोटात पेट्रोल! एक ठिणगी उडाली की संपलं. जॅक वाऱ्याच्या खालच्या अंगाला ओढत नेला. आडवा करून पाट ओल्या वाळूत पुरला, म्हणजे जळणार नाही. पुरानं आणून टाकलेल्या काटक्या स्क्रूभोवती रचल्या, कंदिलातलं घासलेट ओतलं, पेटवलं. आता तापेपर्यंत वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. आणि निंबाची मान खाली खाली जात होती.

तेव्हा गेलो. टोपी काढली नाही, काही नाही. पाठीवर पडून सरकलो, त्याच्या डोक्याखाली हात घातला आणि त्याचं तोंड पाण्यावर धरलं. पाठीखाली पाणी, नाकासमोर आस, वरून तेलाचा थेंब कपाळावर. सगळी गाडी माझ्या छातीवर बसायला निघाली आहे असं वाटत होतं. मला रडू आलं. आलं ते आलं.

निंबा म्हणाला, "भाऊ, तुले भ्या वाटस?"

"वाटस."

"माले बी वाटे. दरखेप वाटे. तू टोपी काढस तवलोंग मी घुसी जास. इचार करत बठनू तं मना पाय उचलावाव नही."

मला वाटायचं, ह्याला भीती ठाऊकच नाही.

धूर शेंदराच्या वासाचा झाला तेव्हा त्याच्या डोक्याखाली माझी टोपी, सदरा, गोणपाट, हाताला लागलं ते खुपसलं आणि बाहेर आलो. स्क्रूवर हातोडा घातला. शेंदराचे कपचे उडाले. आणखी घातला. दांडा पहिल्यांदा नखाएवढा हलला, मग कुरकुरला, मग फिरला. हाताची सालं निघाली ती नंतर दिसली. चटके बसत असतानाच जॅक परत नेऊन टेकवला. पाट वाळूवर बसला आणि खचला नाही. गाडी वर आली. निंबाला काखेत धरून ओढला तेव्हा तो शुद्धीत नव्हता.

मग एक बैलगाडी आली. अशा वेळी बैलगाड्या नंतरच येतात. भडगावच्या दवाखान्यात नेला. नडगीचं हाड मोडलंय, पण पाय राहील म्हणतात.

कार्तिक वद्य चतुर्थी

झुलालनं जॅक उघडून साफ केला. म्हणाला, जिनिंगमधले फिटर वाफेच्या पायपांना शेंदूर आणि जवसाचं तेल मुद्दाम लावतात, जोड पक्का बसावा म्हणून. एवढं सांगून जॅक माझ्यापुढं सरकवला. त्यानं थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं.

गावात मात्र उलटंच. शेंदूर लावला होता म्हणून निंबा वाचला, जॅकमध्ये मारुती आहे. शेठनी नारळाचं तोरण धाडलं. दोन माणसं हात जोडून गेली. मी कोणाला काही बोललो नाही. खरं सांगायचं तर धीरच नाही.

कार्तिक वद्य षष्ठी

ताईअक्का आली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात वाटी. वाटीत शेंदूर कालवलेला. निंबानं तिला सांगितलं होतं की चुडामणभाऊ खाली होता, मी वर होतो, गाडी सरकली आणि माझा पाय अडकला.

"तुना जॅक कोठे शे?" म्हणाली. "लावाना शे."

लॉरी दारातच होती, मी पेटीसमोर आडवा उभा राहिलो. भीती वाटली. गाडीखाली वाटली नव्हती एवढी. म्हटलं, "अक्का, शेंदूर नको. शेंदूरनीच घात कया. तो मी लावा व्हता, आटा भरीभरी. त्यानीच जॅक अडकना."

तिनं वाटी खाली ठेवली. मी तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एकदा तोंड उघडल्यावर बंद होईना. "आनी खाले निंबा व्हता. या खेपलेच नही. दरखेप तोच जाये. मी तुले खोटं सांगं."

"माले माहीत शे."

"निंबानी सांगं?"

"तो कसाले सांगी? त्याना कपडा मीच धुस ना." ती पायरीवर बसली. आमच्या घरी ती पहिल्यांदा बसली. "पह्यल्याच खेपले सदराले पाठवर काई माटी. गाडी लोटनाराना पोटले माटी लागस, पाठले नही. लोटनना सदरा बी तसाच येये."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? बाजारात मला तोंडावर का नाही पकडलंस?

तिनं पदरानं हात पुसले. त्यांना काही लागलेलं नव्हतं. "बोलतू तं त्यानं काम जातं. घरमा दाना नही व्हता, चुडामण. मी माटी धोये आनी गप्प राहे. तुले भ्या वाटे म्हनीसन तू खोटं बोलना. माले बी भ्याच वाटे."

आत वच्छलेचं जात्यावरचं काम थांबलं होतं.

जाताना अक्कानं नारळ ठेवला, वाटी उचलली. म्हणाली, "पाय बरा व्हयना का तो परत येई. तवलोंग तुनाजोडे दुसरं कोनी येई, त्याले बी माय व्हईच. खाले कोन जाई?"

"मी जासू, अक्का. शबद दे..."

"शबद नको." तिनं मला हातानं थांबवलं. "तुना सदरा धुवाले मनाकडे धाडत जाय."

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

आज एका मळ्यात चाक रुतलं. पाट खचला नाही. भीती होती तेवढीच आहे, काडीनं कमी झाली नाही. आल्याबरोबर सदरा काढला आणि वच्छलेच्या हाती ताईअक्काकडे पाठवला.